बिनकुंकवाची फ्लॉपी

"सर, कम्प्युटरले व्हायरस झाला तर इंजेक्शन कुठं टोचाचं?"

माझ्या बाकावरच्या इंदूनं पैज लावली होती. विचारलं तर तिच्या शेतातली पिशवीभर संत्री माझी. वर्ग फिसकन हसला. सुधाकर सर हसले नाहीत, कारण पांढुर्ण्याच्या आमच्या शाळेतल्या एकुलत्या एका कम्प्युटरवर दिवाळीपासून एक ठिपका नाचत होता. पोळ्याला दोन गावं एकमेकांवर दगड फेकतात, त्या गोटमारीतल्या गोट्यासारखा इकडून तिकडं उसळायचा.

"तुम्हा पोरींच्या सर्दीनंच झालं हे," सर म्हणाले. "शिंकून राहिल्या त्याच्यावर! उद्यापासून पोरींचा तास बंद."

पोरांनी टाळ्या पिटल्या. मी मात्र गार. बाबांनी सौसरला टायपिंगच्या क्लासात माझं नाव टाकायचं ठरवलं होतं. इथला तास गेला, की जन्मभर टकटक.

"सर, विनायकच्या नाकातून तर बाराही महिने आपल्या गावची जाम नदी वाहते! त्याले काहून बंदी नाही? मले एक तास द्या. ठिपका नाही गेला तर मी पाऊल ठेवणार नाही."

नागपूरच्या मामानं सांगितलं होतं, हा रोग फ्लॉपीवर बसून येतो. सरांनी कपाट उघडलं. दसऱ्याला त्यांनी कम्प्युटरची पूजा केली होती आणि एकूण एक फ्लॉपीच्या पाकिटाला कुंकू लावलं होतं. बोटाचे लाल ठसे अजून तसेच. फक्त मागची एक कोरी करकरीत.

"सर, ही बिनकुंकवाची कोण?"

सर खोकले. "ते... भाच्यानं दिली. मोटारीचा गेम आहे."

"कधी?"

"दिवाळीत."

दसऱ्याला ठिपका नव्हता. कुंकवाच्या सगळ्या तेव्हाच्या. ही नंतरची.

"मग सर, शिंकलं कोण?"

विनायकसुद्धा हसला, लेकाचा.

कम्प्युटर सुरू करायची, त्याच्यासोबत आलेली मूळ फ्लॉपी कपाटात न वापरता पडली होती, म्हणून चांगली होती. तिच्या कडेची खाच बुजवली, की तिच्यावर काही लिहिलं जात नाही आणि रोगही लागत नाही. चिकटपट्टी कुठंच सापडेना. मी कंपासपेटीतून, सकाळी फळीवरून गुपचूप उचललेलं आईच्या मोठ्या टिकल्यांचं पाकीट काढलं, एक टिकली दुमडून खाचेवर चिकटवली. कम्प्युटर पार बंद केला आणि त्या फ्लॉपीनं सुरू केला. सर पुस्तकातून आज्ञा वाचत होते, मी टाइप करत होते. रोग फ्लॉपीच्या सुरुवातीच्या भागात लपतो, म्हणून प्रत्येकीचा तो भाग नव्यानं लिहिला. मोटारीची फ्लॉपी तर पूर्ण पुसली. सरांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

मग सगळे पडद्याकडं डोळे लावून बसलो. मधली सुट्टी झाली, संपली. ठिपका नाही.

"पोरींचा तास सुरू राहील," सर पुटपुटले. "पण शिंकताना रुमाल धरा."

घरी आई फळी धुंडाळत होती. बाबा शेंगा फोडत होते.

"बाबा, सौसरच्या टायपिंगले मी जात नाही. मॅट्रिक झाली की नागपूरले, मामाकडे राहून कम्प्युटर शिकीन. आणि आई, टिकल्यांचं पाकीट शोधू नको. ते आता शाळेतच राहील."