राहणाऱ्या व्यक्ती

मी वाईट बाई आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणाला ते शोधून काढायचे कष्ट नकोत. आमचं घर कसं निवडलं, हे लोक मोठ्या कौतुकाने विचारतात. दोन्हीकडे किंमत सारखीच होती, मग टेकडी सोडून कालव्याकडे कशी काय आलीस गं? मी सांगते, चालत आठ मिनिटं. मी इस्पितळात एक्स-रे काढते, सकाळी सातची पाळी असते, त्यामुळे आठ मिनिटं म्हटलं की कुणालाही लगेच पटतं. ते खोटंही नाही. फक्त पूर्ण नाही.

टेकडीवरच्या घरात तीन खोल्या होत्या, कालव्याजवळच्या घरात दोन. आणि आम्ही माणसं तीन : मी, नवरा आणि त्याची आई.

सासूबाईंनी एका छापखान्यात छत्तीस वर्षं प्रूफं तपासली. निवृत्त झाल्या तरी हातातलं लाल पेन काही सुटलं नाही. किराण्याची यादी, लग्नाच्या पत्रिका, औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद, त्यांच्या तावडीतून काही म्हणजे काही सुटायचं नाही. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी नवऱ्याच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवली होती, 'तूला आवडतं ते केलंय.' तो आंघोळ करून येईपर्यंत सासूबाईंनी माझा दीर्घ ऊ खोडून ऱ्हस्व करून ठेवला होता. नवरा हसला. मीही हसले, तेव्हा नवी होते.

मग माझी आई गेली. वर्तमानपत्रात द्यायचा चार ओळींचा मजकूर मीच लिहिला. सासूबाईंनी कागद घेतला, वाचला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "विसर्ग दु-नंतर येतो, तू ख-नंतर दिलायस." तो नीट करून झाल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आधी विसर्ग, मग हात. त्याला सहा वर्षं झाली, पण तो क्रम माझ्या डोक्यातून गेला नाही. द्वेष म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, आणि मी तो नीट जपून ठेवला.

बरं, बाई वाईट म्हणाव्यात तर तसंही नाही. माझी कधी रात्रपाळी असली की पाणी तापवून ठेवायच्या, माझा युनिफॉर्म स्वतः इस्त्री करायच्या, शेजारणींपुढे माझं कौतुक करायच्या. इथेच तर सगळी गोची होती. वाईट असत्या तर माझं काम सोपं झालं असतं.

आम्ही भाड्याने राहत होतो ते घर मालकाला त्याच्या लेकासाठी हवं होतं. चार महिन्यांची मुदत मिळाली आणि आमची आयुष्यातली पहिली घरखरेदी सुरू झाली. एजंटने बरीच दाखवली, त्यातली दोन गळाला लागली.

टेकडीवरच्या घरात शिरल्या शिरल्या सासूबाई थेट तिसऱ्या खोलीत गेल्या. खिडकीला पाठ करून उभ्या राहिल्या, पर्समधून एक कागद काढून डोळ्यांसमोर धरला. "उजेड डाव्या खांद्यावरून येतोय," त्या म्हणाल्या. "माझं टेबल इथे." टेप त्यांनी घरूनच आणली होती. नवऱ्याने एक टोक धरलं, त्यांनी दुसरं. खाली फाटकावर 'येथे वाहणे लावू नयेत' अशी पाटी होती. सासूबाईंनी वॉचमनला उभं करून वाहने आणि वाहणे यांतला फरक समजावला. त्याने हो हो केलं आणि गाड्यांकडे बघत राहिला.

"वेळापत्रकात दर चाळीस मिनिटांनी बस आहे," नवरा म्हणाला. तो बस डेपोत वेळापत्रकंच बनवतो.

"म्हणजे तासाने," मी म्हटलं.

कालव्याजवळचं घर बघून व्हायला दोन मिनिटं पुरली. एक हॉल, एक झोपायची खोली, स्वयंपाकाचा ओटा आणि कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी. खाली लाँड्री, औषधांचं दुकान, भाजीवाला, चपला शिवणारा, सगळं हाताशी. पाण्याला थोडा वास येत होता, पण खिडकी लावली की येत नव्हता. सासूबाई फिरून परत हॉलमध्ये आल्या.

"आणि मला काय गॅलरीत वाळत घालणार?"

आम्ही दोघंही हसलो. गरजेपेक्षा जरा जास्तच हसलो.

जिना उतरताना नवरा एजंटबरोबर पुढे गेला तेव्हा सासूबाईंनी माझा दंड धरला. "अगं, तू हेच घर घे. तिकडे टेकडीवर पहाटे अंधारात एकटी बसची वाट बघत उभी राहशील का? माझं काय, मी हॉलमधल्या दिवाणावर मावते. टेबल देऊन टाकू कुणाला तरी."

इतका संताप आला मला! आठवडाभर मी एक वाक्य मनात घोटून ठेवलं होतं : आई, जागाच नाही हो, आम्ही तरी काय करणार. आणि बाई स्वतःच जागा काढून मोकळ्या झाल्या. तेही माझा पहाटेचा त्रास वाचावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डेपोच्या कॅन्टीनमध्ये नवऱ्याला गाठलं.

"आई हॉलमध्ये झोपणार असतील तर ते घर आपलं नाही."

"मग टेकडीवरचं घेऊ."

"नको."

"अगं, मग तुला नक्की हवंय तरी काय?"

"दोघांचं घर."

तो चहात चमचा फिरवत बसला. साखर केव्हाच विरघळली होती. मी वाट बघितली, अगदी घड्याळ लावून बघितली म्हणा. तो नाही म्हणाला नाही. माझ्या पापात त्याचा वाटा किती, असं कुणी विचारलं तर मी तो चमचा दाखवीन.

त्यानेच नणंदेला फोन केला. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, मुलांच्या परीक्षा. महिनाभर ठेवते हवं तर, म्हणाली, पुढचं तुम्ही बघा. पुढचं आम्ही बघितलं. शहराबाहेर एक वृद्धाश्रम आहे, स्वच्छ, चार खाटांची खोली, फाटकापाशी बाकं. नाव नवऱ्याने स्वतः नोंदवलं. आईचा मुलगा तो, एकही चूक न करता अर्ज भरला.

राहिला प्रश्न सांगायचा. तू सांग, तुझी आई. तू सांग, तुझी कल्पना. असं करत तीन आठवडे गेले. तोवर सासूबाईंनी टेबल खालच्या शिकवणीवाल्या बाईंना देऊन टाकलं, अर्ध्या पुस्तकांचे गठ्ठे बांधून वाचनालयात पोचवले आणि दिवाणासाठी दोन चादरी आणल्या. जेवताना विचारायच्या, "हॉलचा पडदा निळा घ्यायचा का गं? तुला झोपायला अंधार लागतो, मला नाही लागत." मी निळा म्हटलं. घास मात्र व्यवस्थित गिळला.

मग सोसायटीचा अर्ज आला. एजंटच्या ऑफिसातून आमची माहिती घालून, टाइप करून. खरेदीदारांची नावं, नोकरीचा पत्ता, गाडी आहे का, आणि खाली एक ओळ : 'सदनिकेत राहणाऱ्या व्यक्तींची संख्या : दोन.'

नवऱ्याच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी चमक आली. "हाच दाखवू आईला. ती वाचेल तेव्हा कळेलच. बोलायलाच नको." भित्रेपणाची कमाल होती, पण मला ते फारच सोयीचं वाटलं. आमच्या घरातून कुठलाही कागद सासूबाईंच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. मग हाही तसाच जाईल.

रविवारी सकाळी चहानंतर त्याने अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. "बघ गं आई, चुका आहेत का." आणि हा पठ्ठ्या आंघोळीला गेला. आत नळ पूर्ण सोडला, ऐकू येऊ नये म्हणून. मी ओट्यापाशी बटाटे सोलत दारातून बघत होते.

सासूबाईंनी चष्मा पुसला. ओळीखाली पट्टी धरून त्या वाचत, एक ओळ झाली की पट्टी खाली सरकवत. 'रहीवासी'चं 'रहिवासी' केलं. एक स्वल्पविराम काढला. पट्टी त्या ओळीखाली आली आणि थांबली. माझ्या हातातला बटाटा तसाच राहिला. कळलं, आता कळलं, संपलं एकदाचं.

"च्च," त्या म्हणाल्या. 'दोन' खोडलं आणि समासात 'तीन' लिहिलं.

"खरेदीदार दोन म्हणून इथेही दोनच टाकलंय बघ. अर्थ बघतच नाहीत गं ही माणसं, नुसती बोटं चालवतात." कागद माझ्याकडे दिला. "नवी प्रत आली की दाखव मला. दुरुस्ती घेतली की नाही ते बघितल्याशिवाय प्रूफ सोडायचं नाही कधी."

नवरा ओले केस पुसत बाहेर आला आणि त्याने कागद बघितला. पाठमोऱ्या सासूबाई भांडी लावत होत्या. तो हळूच म्हणाला, "टाकू या तीनच."

मी नकारार्थी मान हलवली. एकदा का तीन लिहिलं की जन्मभर तीन, हे मला ठाऊक होतं.

सोमवारी इस्पितळातल्या कॉम्प्युटरवर तो अर्ज मी स्वतः टाइप केला. रहिवासी नीट केलं. स्वल्पविराम काढला. त्यांच्या सगळ्या दुरुस्त्या इमानेइतबारे घेतल्या, एक सोडून.

संध्याकाळी त्यांनी दोन्ही प्रती शेजारी मांडल्या. डाव्या हाताचं बोट जुन्या ओळीवर, उजव्याचं नव्या. "शाब्बास," त्या म्हणाल्या. "शाब्बास." मग बोट थांबलं. "ही राहिली बघ." त्यांनी टोपण काढलं, 'दोन'वर आडवी रेघ मारली आणि बाजूला पुन्हा 'तीन' लिहिलं.

"ती राहिलेली नाही, आई," मी म्हटलं. "मी ठेवलीय. चूक नाहीये ती."

माझा आवाज अजिबात कापला नाही, याचं मला आजही नवल वाटतं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही, लेकाकडे बघितलं. तो बुटाची नाडी बांधत होता. कुठे जायचं नव्हतं त्याला.

"हो का रे?"

"आई, तिथे तुझ्या वयाच्या बायका आहेत," तो नाडीकडे बघत म्हणाला. "चांगलं आहे गं. खिडकीशी खाट मिळेल, उजेड आहे."

तिथे म्हणजे कुठे, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी पट्टी उचलली आणि अर्ज पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचला. नावं, पत्ता, गाडी, एकेक ओळ, पट्टी सरकवत, आयुष्यात पहिल्यांदाच हातात आल्यासारखा. आम्ही दोघं उभे होतो. त्या ओळीपाशी आल्यावर त्यांनी आपलंच 'तीन' खोडलं. खोडलेल्या 'दोन'खाली लाल टिंबं दिली, एक, दोन, तीन, चार, अगदी सारख्या अंतरावर. समासात दोन शब्द लिहिले आणि कागद माझ्या हातात दिला.

ती खूण मी नऊ वर्षांत त्यांच्या हातून कधी बघितली नव्हती. तपासणाऱ्याने बरोबर असलेला शब्द चुकून खोडला, तर त्याखाली अशी टिंबं देतात. म्हणजे दुरुस्ती माझी चुकली, मूळचंच ठेवा. आणि बाजूला लिहितात : राहू द्या.

माझा जीव भांड्यात पडला. हे मी लपवत नाही. लाज नंतर वाटली, आणि खरं सांगायचं तर पुरेशी वाटली नाही. त्या क्षणी मनात एवढंच आलं की कागद खराब झाला, सोसायटीवाले असा घेणार नाहीत.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी तिसरी प्रत काढून आणली. सवयीने त्यांच्या चष्म्याशेजारी ठेवली. सासूबाई समोरच बसून पुस्तकांचा उरलेला गठ्ठा बांधत होत्या. संध्याकाळी मी ती उचलली आणि पाकिटात घातली. त्यांनी ती बघायला मागितली नाही.