चपला काढून बसा

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. भिवंडीतल्या एका पोलीस चौकीत राहते. पोलिसांकडे राहूनही भित्रीच राहिले, आता बोला! कुठे टायर जळाल्याचा नुसता वास आला तरी माझे धागे आकसतात.

पोटासाठी उत्तरेकडून इथे आलेल्या एका चाचांनी मला हातमागावर विणलं. निळे-लाल पट्टे, काठ घट्ट. शहराने दंगली पाहिल्या होत्या, म्हणून सरकारने शांतता समिती बसवली होती आणि तिच्या बैठकांसाठी माझी खरेदी झाली. तेव्हाचे साहेब भारी हट्टी. बैठकीला खुर्ची नाही. सगळ्यांनी चपला काढून माझ्यावरच बसायचं, साहेबांचे बूटसुद्धा बाहेर. यंत्रमागवाले, गावकरी, मौलवी, भजनी बुवा मांडीला मांडी लावून बसायचे. काय मान होता माझा! मला चेहरे फारसे दिसत नाहीत हो, पण तळवे बरोबर कळतात.

मग साहेब बदलले. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, बैठका फोटोपुरत्या उरल्या आणि मी कपाटात गेले. उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला, तरी कोणी विचारलं नाही.

यंदा वरून पुन्हा आदेश आला. गोदामांत कामाला येणाऱ्या बाहेरच्या लोकांविरुद्ध मोबाइलवर काहीबाही फिरत होतं, म्हणून गावोगाव बैठका घ्यायच्या होत्या. चौकीतल्या शिपाई करिष्माताईंनी मला झटकलं, स्कूटरवर टाकलं आणि जवळच्या अंजूर गावी जानकीबाईंच्या चाळीत नेलं.

बैठकीला माणसं आली सात. त्यात दोघी बहिणी होत्या, रिनपुई आणि तिची धाकटी. मूळच्या मिझोरामच्या. पूर्णा गावच्या गोदामात खोकी बांधायच्या आणि जानकीबाईंच्याच खोलीत भाड्याने राहायच्या. गावात त्यांना मागून 'चिनी' म्हणत. मला कळले ते त्यांचे तळवे, दिवसभर उभं राहून सुजलेले आणि टाचांना भेगा पडलेले. जानकीबाईंचे तळवेही अगदी तसेच होते.

बैठक संपली, माझी घडी झाली आणि गल्लीच्या तोंडाशी गलका उठला. पंचवीस-तीस माणसं, हातात काठ्या. पोरं पळवणाऱ्या चिनी बाया अंजूरमध्ये आल्यात, असा मेसेज फिरला होता. सगळ्यांत पुढे केसरीनाथशेठ. त्यांच्याच जमिनींवर गोदामं उभी होती.

बहिणींनी आपल्या खोलीत पळून कडी लावली. करिष्माताईंनी चौकीला फोन केला, पण गाडी नाक्यावर कंटेनरांमागे अडकलेली. म्हणजे त्या एकट्याच. मी त्यांच्या हातात होते ना, त्यांची बोटं माझ्या काठात रुतली. मी तर मनातून गारठले. आता आग लावतील, असंच वाटत होतं मला.

करिष्माताईंनी मला त्या खोलीच्या उंबऱ्यासमोर अंथरलं. बूट काढले आणि माझ्यावर बसल्या.

"बैठक चालू आहे," त्या म्हणाल्या. आवाज पार बारीक झाला होता. "चपला काढून बसा."

जानकीबाई लगेच शेजारी बसल्या. तेवढ्यात एक दगड माझ्या पोटावर आदळला. तोंड असतं तर ओरडलेच असते.

केसरीनाथशेठ तरातरा आले आणि त्यांचा पाय माझ्या काठाशी थांबला. हट्टी साहेबांच्या काळात ते कितीतरी वर्षं माझ्यावर बसलेले. डोकं तापलं होतं, पण पायाची सवय सुटली नव्हती. त्यांनी चपला काढल्या. ते बसले म्हणून मागचे आठ-दहा जण गोंधळून बसले. मित्रांनो, काठी उगारून मांडी घालता येत नाही, करून बघा कधी.

करिष्माताईंनी वही उघडली. "तक्रार लिहून घेते. कोणाचं पोर गेलंय?"

केसरीनाथशेठ चुळबुळले. "माजा न्हाय. धनेशचा गेलाय, सांगत व्हते."

धनेशचं पोर क्लासला गेलं होतं. गर्दीतल्याच धनेशने ऐकलं होतं की हिरामणचं गेलं. आणि हिरामणचं तर लग्नच झालेलं नव्हतं! वहीचं पान कोरं राहिलं. एकेक जण चपला शोधू लागला. माफी कोणीच मागितली नाही. एक तरुण तर बुटांसकट मला तुडवत गेला. तो ठसा अजून निघालेला नाही.

गाडी आली, गर्दी पांगली. मग बहिणी बाहेर येऊन माझ्यावर बसल्या. तळवे बर्फासारखे गार पडले होते. रिनपुईने विचारलं, "दीदी, कल भी ये दरी बिछाओगे?" दरी म्हणजे मीच.

करिष्माताईंनी बूट चढवले आणि माझी घडी घातली.

आता मी पुन्हा कपाटात आहे. बाहेर कुलूप आहे आणि पुढच्या बैठकीची तारीख ठरलेली नाही. रिनपुई रोज त्याच गल्लीतून ड्युटीला जाते. तिच्या आठवणीने मला अंधारात धडकी भरते. मित्रांनो, मला जपा, म्हणजे घडी घालून ठेवू नका. तुमच्या चौकीत जा आणि विचारा, बैठक कधी आहे. दगड यायच्या आधी मला अंथरा, आणि चपला काढून बसा.