अडकित्त्याच्या मापाचा खिसा

"किल्ल्या खोचायच्या जागी आता बंदूक खोचा म्हणं! माझ्या सासूनं ऐकलं असतं तर चितेवरनं उठून आली असती."

यशोदाबाई पुटपुटत होत्या ते अगदी सुनेच्या कानाशी, कारण ज्या परकराला त्या चोरखिसा शिवत होत्या तो सुनेच्या अंगावर होता.

"आत्याबाई, सुई टोचेल."

"टोचू दे. गोळीपरीस बरी."

खिशाचं माप त्यांनी आपल्या अडकित्त्यावरून घेतलं होतं. बायकांचं पिस्तूल केवढं असतं, हे त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पण अडकित्त्याहून मोठं हत्यार बाईमाणसाला कशाला लागतंय, असा त्यांचा हिशेब होता.

सून कुसुमताई चिंचवडच्या दवाखान्यातली नर्स. थेरगावापासून पिंपळे गुरवापर्यंत नऊ वर्षांत जन्मलेली निम्मी पोरं तिच्या हातावर आलेली. तिचा नवरा अर्जुन विषमज्वराने गेला तेव्हा सासरे हिंदुराव, पलटणीतले निवृत्त हवालदार, भावकीचं न ऐकता तिला पुण्याला शिकायला ठेवून आले. नोकरी लागली त्या दिवसापासून अवेळी बोलावणं आलं, की हिंदुराव काठी घेऊन पुढे आणि डोईवर पदर घेतलेली सून चार पावलं मागे. सुनेने सासऱ्याच्या पुढे चालायचं नाही, ही रीत. ती दोघांनीही मोडली नाही.

अलीकडे दोन वर्षं मात्र कुसुमताई मागून आपल्याशीच बोलायला लागली होती. "इथं खड्डा पडलाय की." "अगंबाई, ओढ्याला पाणी आलं." पुढची पावलं तेवढ्यापुरती हळू पडत. "म्हाईत हाय मला," हिंदुराव म्हणत. घरी यशोदाबाईही हिंदुरावांच्या ताटातल्या भाकरीशेजारी मिठाची जागा कधी बदलत नसत.

भाद्रपदात थेरगावच्या वाटेवर दोघे जण आडवे आले. पिंपरीला कारखाना उभा राहत होता, माणसं कुठून कुठून येत होती. हे दोघे कुठले, कुणास ठाऊक. हिंदुरावांनी काठी उगारली आणि सगळ्या ताकदीने हाणली. बाभळीवर. पिशवीतलं पितळी भांडं त्या दोघांतल्या एकाच्या कपाळात बसलं, ते कुसुमताईने फेकलेलं. तो बोंबलत पळाला, त्याच्यामागून दुसरा.

दुसऱ्या दिवशी पारावर हिंदुराव सांगत होते, "एका टोल्यात दोघं आडवे!" सकाळी कुसुमताईने त्यांच्या तळहातातला काटा चिमट्याने काढला होता. कशाचा काटा, ते तिने विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. त्याच आठवड्यात ते कलेक्टर कचेरीच्या खेट्यांना लागले. "मी काय जन्माला पुरतोय व्हय? परवाना तिच्या नावचा पायजे."

परवाना हाती आला तशी दोघं पुण्याला, लष्कर भागातल्या चांदभाईंच्या बंदुकांच्या दुकानात गेली. त्यांनी आधी एक इवलं पिस्तूल काचेवर ठेवलं. "रिकामं आहे, बाई. हे वरचं लोखंड मागं ओढा."

कुसुमताईने ओढलं. लोखंड हललं नाही. पुन्हा ओढलं, बोटं सटकली.

"बाळंतिणीकडून येता म्हणजे हाताला तेल असणार," चांदभाई म्हणाले. "हे नको. अडचणीत बाईशी झगडणारं हत्यार काय कामाचं? ठेवणार कुठं, पिशवीत?"

"पिशवी नाही हो. मी आत बाईपाशी असते तेव्हा कात्रीसाठी अख्खं घर माझी पिशवी उचकतं."

"त्यो बघू," हिंदुराव मध्येच म्हणाले. चाचपत त्यांनी एक भलं मोठं रिव्हॉल्वर उचललं. "आमच्या सायबाच्या कमरंला असला व्हता. ह्योच द्या."

"मामंजी, आत्याबाईंनी खिसा अडकित्त्याएवढा शिवलाय."

चांदभाई खो खो हसले. मग आतून एक आखूड नळीचं रिव्हॉल्वर घेऊन आले. त्याचा गोळीवर आपटणारा घोडा आतच होता. कापडात अडकेल असं बाहेर काही नव्हतं. "नुसता चाप ओढायचा. आणि चाप ओढायची मनातनं तयारी नसेल, तर बाहेर काढायचंच नाही. एवढं कबूल असेल तर द्यायचं."

कुसुमताईने त्याची मूठ धरली. नुकत्या जन्मलेल्या पोराचं डोकं धरावं तशी, घट्टही नाही, सैलही नाही. "कबूल," ती म्हणाली.

"बघू नेम कसा बसतोय," हिंदुरावांनी हात पुढे केला.

"त्या भिंतीवरच्या शिंगांवर धरा, हवालदारसाहेब."

हिंदुराव ताठ उभे राहिले. खांदा, कोपर, मनगट सगळं एका रेषेत. नळी मात्र खुंटीवरच्या छत्रीवर रोखलेली. "शिंगं झकास हायती," ते म्हणाले.

चांदभाईंनी कुसुमताईकडे पाहिलं. तिने पदराच्या काठाकडे.

"हात काय स्थिर आहे!" चांदभाई म्हणाले, आणि तेवढं तरी खरं होतं.

दुपारच्या गाडीने दोघं चिंचवडला उतरली. परकराच्या खिशात ते नवं ओझं मांडीला लागत होतं. यशोदाबाईंचं माप चुकलं नव्हतं. हिंदुराव पुढे, ती मागे. रस्त्यात नळ टाकायला चर खणलेला.

"चर खणलाय वाटतं," ती वाऱ्याला म्हणाली.

हिंदुराव थांबले. "कुणाला सांगतीस?"

"कुणाला नाही, मामंजी. आपलं असंच."

काठी काखेत धरून त्यांनी तळहातावरून अंगठा फिरवला. काटा निघाला होता ती जागा अजून टणक होती.

"बाभळीचा काटा व्हता ह्यो. त्या दिशी टोला तिलाच बसला."

हिंदुराव बाजूला झाले आणि त्यांनी काठीचं दुसरं टोक तिच्यापुढे धरलं.

"मला दिसत न्हाई, कुसुम. तू फुडं हो."