गेटवर जमा केलेली किल्ली

गाडी चालवायला कोणीही शिकतं. दुसऱ्याच्या गेटवर गाडी लावून गुपचूप बसायला शिकणं अवघड, आणि त्या विषयात आमचे मामा पदवीधर होते.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. आमच्या तीन ट्रकांपैकी सगळ्यात मोठा तेच चालवतात. ट्रक बाबांचे, कुठली गाडी काय भरून कुठं जाणार, हे मी ठरवते. वाहतूक म्हणजे योग्य माल, योग्य जागी, योग्य वेळी, न फुटता, असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. यात माल नेणारा माणूस कुठं बसतो, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "स्टिअरिंगवर."

आमचं निम्म्याहून जास्त काम एकाच कंपनीचं होतं. पोल्ट्रीवाल्या काकूंची अंडी आम्ही त्या कंपनीच्या गोदामात पोचवायचो. तिथं एक रीत होती. गेटात शिरल्याबरोबर ड्रायव्हरनं किल्ली खिडकीत जमा करायची, आणि माल उतरल्यावरच ती परत मिळायची. दिलेली वेळ आपण चुकवली तर दंड. त्यांनी चुकवली तर ते मोठे लोक. ड्रायव्हरनं गाडी सोडायची नाही, आणि आतला संडास फक्त स्टाफसाठी.

मागच्या आठवड्यात मामा ताडपत्री सोडताना चक्कर येऊन पडले. ऊन लागलं असेल, असं म्हणून त्यांनी विषय उडवून लावला. माझा विश्वास बसला नाही, म्हणून पुढच्या फेरीला मी शेजारी जाऊन बसले.

आम्हाला सकाळची वेळ दिली होती. दुपार झाली तरी आमचा नंबर नाही. मागून आलेल्या, त्यांच्या मर्जीतल्या गाड्या आत जाऊन रिकाम्या होऊन निघूनही गेल्या. केबिन तापलं होतं. मी पाण्याची बाटली पुढं केली, तर मामांनी मान हलवली. पुन्हा पुढं केली, तेव्हा खरं काय ते बाहेर पडलं. त्यांना शुगर आहे. पाणी प्यायलं की सारखं जावं लागतं, आणि इथं जायला जागा नाही. म्हणून या गेटवर यायचं असलं की ते सकाळपासून घोटभरही पाणी पीत नाहीत.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. खिडकीवरचा साहेब माझ्याच वयाचा, बोलायला गोड. यादीत तुमचा नंबर येईल, धीर धरा, म्हणाला. मी किल्ली मागितली. त्यानं तितक्याच गोडीनं सांगितलं की माल न उतरवता गाडी बाहेर गेली, तर आमचं नाव कंपनीच्या यादीतून कायमचं काढलं जाईल.

मी बाबांना फोन लावला. ते घाबरले. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, गप बस, म्हणाले.

"मग पाण्याबाहेर येऊ," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसरा फोन काकूंना केला, कारण अंडी त्यांची. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आण बाहेर," त्या म्हणाल्या. "तिथं आणखी थोडा वेळ राहिली तर उकडूनच विकावी लागतील." मग मी खिडकीतून हात घातला आणि फळीवर टांगलेली आमची किल्ली काढून घेतली. साहेब उभा राहिला. गाडी आमची, माल काकूंचा, यात तुमचं काय आहे ते सांगा, मी परत टांगते, असं मी त्याला म्हटलं. गेटवरच्या रखवालदारानं एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि दांडा वर केला.

पहिला थांबा पेट्रोल पंपाचा घेतला. मामा जाऊन आले आणि बाटली एका दमात रिकामी केली. मग मी बेकऱ्या, खानावळी, ओळखीचे दुकानदार, दिसेल त्याला फोन लावत सुटले. एकाच ठिकाणी उतरवायचा म्हणून माल कसाही रचलेला, त्यामुळे प्रत्येक दारात अर्धी गाडी उपसावी लागली. काही ट्रे फुटले. मामा रस्ताभर कुरकुरत होते, की मी घर बुडवलं. तरी घरी परतलो तेव्हा थोडाच माल उरला होता.

बाबा ऑफिसात वाट बघत बसले होते. कंपनीचा फोन येऊन गेला होता. आपलं नाव काढलं, एक गाडी विकावी लागेल, ते म्हणाले. मी म्हटलं, विकू. धंदा काय पोरखेळ वाटला का तुला, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, म्हणूनच.

तेव्हा मामा मध्ये पडले. "दाजी, तिच्यावर चिडू नका. मी उद्या जाऊन साहेबाच्या पाया पडतो. मला काय, सवय आहे. तिथं जायचं असलं की सकाळपासून पाणी बंद ठेवतो मी, कधीपासून. काही त्रास होत नाही."

हे बाबांना ठाऊक नव्हतं. मग त्यांनी मला विचारलं, तीनपैकी कुठली गाडी विकायची. मी सांगितलं, सगळ्यात जुनी, बाबा स्वतः चालवायचे ती.

"तीच विक," बाबा म्हणाले. "आणि त्या गेटवर आपल्यातलं कोणी पुन्हा जाणार नाही. पाया पडायला तर नाहीच."