घड्याळाला दिलेला सेल

मित्रांनो, मी एक जुनी टॉर्च आहे. वीतभर लांबीची, दोन पेन्सिल सेलवर चालणारी. माझा मूळ रंग कोणता होता, ते आता मलाही आठवत नाही.

रायपूरच्या गोलबाजारातून नरेशभाऊंनी मला घेतलं तेव्हा ते सिलतऱ्याला लोखंडाच्या कारखान्यात देखरेखीला होते. तिथल्या काळ्या धुळीत मी नऊ वर्षं काम केलं. माझा झोत बारीक, पण लांब जाणारा. "मोठ्या लाइटीले जे दिसत नाही, ते हिले दिसते," असं ते सोबत्यांना सांगायचे. स्तुती कोणाला नको असते? पण ते निवृत्त झाले आणि समता कॉलोनीतल्या घरी माझी जागा ठरली फ्रिजवर, विजेची बिलं आणि एक वाळलेलं लिंबू यांच्या शेजारी.

मग त्यांच्या पत्नीचे, कुमुदताईंचे डोळे बिघडले आणि मला पुन्हा काम मिळालं.

कुमुदताईंनी अठ्ठावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता. त्यांची नजर आता कडांकडून आत मिटत चालली होती. नळीतून पाहावं तेवढंच दिसे, अंधारात तेही नाही. मोबाइलचा पसरट उजेड त्यांना धुक्यासारखा वाटे. माझा झोत मात्र त्यांच्या उरलेल्या नजरेएवढाच होता. रोज संध्याकाळी तेलीबांधा तळ्याकाठी आम्ही तिघं फिरायचो.

डॉक्टर म्हणाले, "जे पाहायचं असेल, ते या वर्षात पाहून घ्या."

"काय पाहाचं आहे तुले?" नरेशभाऊंनी विचारलं.

"गुहेतले लवणस्तंभ," त्या म्हणाल्या. छतातून थेंब थेंब ठिबकणाऱ्या चुन्याचे जे दगडी खांब होतात, ते. "फळ्यावर इतके काढले, पण खरा एक नाही पाहिला."

बस्तरची गुहा तशी जवळच. पण 'गुहा का पळून जाते?' म्हणता म्हणता राहूनच गेली होती. त्यांची मुलगी ज्ञानदा अंदमानात बँकेत नोकरीला होती. तिनं फोन केला, "मम्मी, यहीं आ जाओ ना. एका बेटावर नॅशनल पार्क आहे. समुद्र भी, जंगल भी, गुफा भी."

नरेशभाऊंनी माझ्यात दोन कोरे सेल घातले. मी किती दिवसांनी पोटभर जेवले!

निघायच्या सकाळी रिक्षा दारात उभी, आणि भिंतीवरचं घड्याळ थांबलेलं.

"घर बंद करून जाऊन राहिलो, अन् घड्याळही बंद? असं नसते जात," नरेशभाऊ म्हणाले.

"पाहाले कोण आहे मागं? पाल?"

"अपशकुन असते, कुमुद."

त्यांनी माझ्यातला एक कोरा सेल काढून घड्याळाला दिला. घड्याळाचा थकलेला सेल पँटवर घासून माझ्यात घातला आणि भर सकाळच्या उजेडात बटण दाबलं. मी लागले. "पाह्य, लागली ना! तिथं गेल्यावर नवा घेऊन घेऊ."

तो घ्यायचा राहिला. जेव्हा पाहावं तेव्हा मी लागत होते ना!

ज्ञानदासोबत बेटावर होडीतून उतरल्यावर गुहेपर्यंत जंगलातली पायवाट होती. झाडी इतकी दाट, की दुपारीही तिन्हीसांजेसारखं वाटत होतं. पुढे वनरक्षक माया दीदी चालत होत्या. "आंटीजी, जड़ है, पैर ऊपर." अशी मुळं पावलोपावली. प्रत्येक मुळावर मी पडत होते, माझ्यामागून कुमुदताईंचं पाऊल. माझं आयुष्य त्या वाटेवरच सांडलं.

गुहेच्या तोंडाशी माया दीदींनी सांगितलं, "किसी चीज़ को छूना नहीं. पसीना लगा तो पत्थर का बढ़ना बंद."

"मी हेच शिकवायची पोट्ट्यांना," कुमुदताई हसून म्हणाल्या.

आत गेलो. "ऊपर देखिए."

नरेशभाऊंनी मला वर धरलं. झोत हळदीसारखा पिवळा झाला, छताच्या अर्ध्या वाटेवर थबकला. मग काचेमागे एक लाल तार उरली. मग तीही गेली.

त्यांनी मला हलवलं, तळहातावर आपटलं, सेलांची अदलाबदल केली. ज्ञानदानं मोबाइल लावला, माया दीदींनी आपला मोठा दिवा फिरवला.

"दिसलं, मम्मी?"

"धुकं आहे नुसतं."

कुमुदताईंचा हात समोरच्या खांबाकडे गेला. बोटभर अंतरावर थांबला आणि खाली आला. त्या शिक्षिका होत्या, मित्रांनो.

"कुमुद, ते घड्याळ..." नरेशभाऊ म्हणाले.

"अगदी बरोबर चालत असेल," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून वादळामुळे होड्या बंद झाल्या. परतीचं विमान थांबणार नव्हतं, आणि बस्तरची गुहा पावसाळाभर बंद असते.

घरी आलो तेव्हा घड्याळ खरंच बरोबर चालत होतं. नरेशभाऊंनी ते उतरवलं, सेल काढून माझ्यात घातला. खिळा अजून रिकामाच आहे.

ज्ञानदानं गुहेचा मोठा फोटो पाठवला. नरेशभाऊंनी तो भिंतीला लावला. रोज संध्याकाळी ते मला त्याच्यावर धरतात.

"दिसते का?"

"हव, दिसते."

काल त्यांचा अंगठा बटणावरून घसरला. मी लागलेच नव्हते.

"दिसते का?"

"हव, दिसते," कुमुदताई म्हणाल्या. नेहमीसारख्याच, गोड.

नरेशभाऊंनी नंतर बटण दाबलंच नाही. त्यांनी मला मांडीवर ठेवलं.

मित्रांनो, आम्हा टॉर्चचं मागणं थोडं असतं. काम नसेल तेव्हा सेल काढून ठेवा, नाहीतर आत गंज चढतो. आणि कोणाला काही दाखवायला निघालात, तर कोरे सेल आमच्याजवळच राहू द्या. घड्याळ थांबलं तर थांबू दे.