चौथ्यांदा मेलेला माणूस

पुतळ्याच्या चौथऱ्यावर पुन्हा तोच कागद दिसला आणि डेल्फिनने खिशातून खरवडायचं पातं काढलं. तोच टकला म्हातारा, तीच काळी चौकट, तीच न वाचता येणारी अक्षरं. मार्चपासून ही चौथी खेप. एक माणूस मरून मरून किती वेळा मरणार?

नॉर्थ यॉर्कमधला हा चौक साफ ठेवणं ही वसईहून परदेशात आलेल्या डेल्फिनची नोकरी. मधला पुतळा बल्गेरियाचा इतिहास लिहिणाऱ्या कुणा लेखकाचा. त्यावर कागद दिसला की सुपरवायझर स्टीव्हन डेल्फिनलाच धारेवर धरी. "वन मोअर कंप्लेंट अँड यू आर डन," असं त्याने परवाच बजावलं होतं.

डेल्फिन मुळातच संशयी. शेजाऱ्याने केक दिला तरी आधी बायकोला खायला लावायचा.

"करणीच हाय ती," तो तिला, एलेनला, म्हणाला होता. "जित्या मानसाला कोन काळी चौकट घालतंय?"

"तुला तर फादरपन चोर दिसतो," एलेन म्हणाली.

आज चोर सापडला. बाकावर एक म्हातारी चिकटपट्टी हातात घेऊन बसली होती.

"धिस इज युवर्स?" डेल्फिनने दरडावलं.

"माय हजबंड. डाइड इन मार्च."

"देन व्हाय अगेन अँड अगेन?"

"फोर्टी डेज. थ्री मंथ्स. टुडे, सिक्स." तिच्या गावी, बल्गेरियात, माणूस गेला की आणि मग ठरावीक दिवसांनी पुन्हा असे कागद भिंतींवर, झाडांवर लावतात, असं ती सांगू लागली. इथे ही अक्षरं वाचणारे लोक या पुतळ्यापाशीच जमतात. "बट नोबडी कम्स टू मी. समवन टेक्स द पेपर."

डेल्फिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वसईत चर्चमध्ये मयताची घंटा झाली की वाडीतला माणूसही काम थांबवून विचारतो, कोण गेलं म्हणून. या बाईची घंटा त्याने तीनदा बंद पाडली होती.

तेवढ्यात स्टीव्हनचा ट्रक वळला. डेल्फिन कागदाला पाठ लावून उभा राहिला.

"ऑल क्लीन?" स्टीव्हनने काच खाली करून विचारलं.

"ऑल क्लीन." साहेबाशी तो पहिल्यांदाच खोटं बोलत होता. नोकरी जाईल हे ठाऊक असूनही त्याने पाठ कागदाला आणखी घट्ट लावली.

ट्रक दिसेनासा झाला तेव्हा तो बाजूला सरला.

"रीड," तो म्हणाला. "प्लीज."

म्हातारीने तिच्या भाषेत वरपासून वाचायला घेतलं. डेल्फिनला एक अक्षर कळलं नाही. टोपी काढून तो शेवटपर्यंत ऐकत राहिला.