बानूबाईच्या कानखुणेचं कार्ड

मित्रांनो, मी एक जुनं एटीएम कार्ड आहे. जुनं म्हणजे वयानं नव्हे. माझ्या अंगावर छापलेली मुदत अजून संपलेली नाही. पण मी मेलेलं कार्ड आहे. कुठल्याही मशिनच्या तोंडात मला घाला, ते मला लगेच बाहेर थुंकेल. सध्या माझा मुक्काम पोलीस ठाण्यात, एका खाकी पाकिटात आहे. इथं बोलायला कुणी नाही, म्हणून तुमच्याशी बोलतो. आणि मधे जांभया देऊ नका, कारण हे उद्या तुमच्याही घरात घडू शकतं.

माझा जन्म एका मोठ्या शहरातल्या थंडगार कारखान्यात झाला. लाखो भावंडं, सगळी एकाच तोंडवळ्याची. पोटावर सोनेरी चिप, पाठीवर काळी पट्टी. त्यातलं कुणी डॉक्टरच्या पाकिटात गेलं, कुणी विमानात बसलं. मी पोस्टमनच्या पिशवीतून येरमाळ्याला आलो आणि तिथून माळावरच्या एका वस्तीवर, बानूबाईच्या घरी. खोटं कशाला बोलू, माझा हिरमोडच झाला. पत्र्याचं घर, दारात दोन-चार शेळ्या, आणि घरधनीण मला उलटंसुलटं करून माझा वास घेतेय.

बानूबाईचा जन्म मेंढरांमागं गेला होता. नवरा लवकर वारला, पोरबाळ नव्हतं. उन्हातान्हात कळप घेऊन ती गावोगाव हिंडली. मग गुडघ्यांनी दगा दिला आणि तिनं काळजावर दगड ठेवून सगळी मेंढरं विकली. तो पैसा बँकेत होता आणि त्या पैशाची चावी म्हणजे मी. "म्हातारपणी कुणाम्होरं हात पसरायचा न्हाय," एवढं एकच तिचं मागणं होतं. हे कळल्यावर मात्र मी नाक मुरडणं सोडून दिलं.

तिचा पुतण्या वैजनाथ येरमाळ्यात लाइनमन आहे, विजेच्या खांबावर चढणारा. त्यानं पाकीट फोडून मला तिच्या हातात दिलं, तेव्हा ती म्हणाली, "ह्यी समदी एकसारकीच दिसत्यात की रं. माझं कंचं, कसं वळखायचं?" आणि वैजनाथ काही बोलायच्या आत तिनं लोकर कातरायची कातर आणली आणि माझा खालचा कोपरा खच्चकन कापला. धनगर लोक मेंढराच्या कानाला खूण करतात ना, दुसऱ्याच्या कळपात गेलं तरी ओळखू यावं म्हणून, अगदी तशी.

"काकू, अवो बँकेचं कार्ड हाय ते," वैजनाथ कळवळला.

"मंग? माझं हाय न्हवं?"

नशीब, कातर चिपला लागली नाही आणि पट्टीलाही नाही. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भावंडं भेटली असती तर तोंड दाखवायची सोय उरली नव्हती.

मग वैजनाथनं तिला मशिनपुढं उभं करून सगळं शिकवलं. मुलगा हुशार आहे. तो म्हणाला, "काकू, आधी हे कार्ड घालायचं तोंड हालवून बघायचं. चोर वरून खोटं तोंड बसवत्यात. आपलं कार्ड त्यातनं गेलं की पाठीवरची पट्टी वाचून तसंच दुसरं बनवत्यात. ढिलं लागलं तर कार्ड घालायचंच न्हाय. आन् नंबर दाबताना वरून पदर धरायचा. कुठं बारका कॅमेरा लावला असला तर बोटं दिसाया न्हाय पायजेत."

बानूबाईनं एक अक्षर चुकवलं नाही. ती मशिनचं तोंड असं हलवायची की अख्खी खोली हादरायची. पदर असा धरायची की स्वतःलाही आकडे दिसू नयेत. पण एक गोष्ट वैजनाथनं सांगितली नव्हती, कारण ती त्याला सुचणं शक्यच नव्हतं. पदराखाली आकडे दाबताना बानूबाई ते मोठ्यानं म्हणायची.

हसू नका. त्यामागं तिचा सारा जन्म होता. संध्याकाळी मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, घ्यायची वेळ आली की धनगर बाई तोंडानं मोजते, तेही खणखणीत. "मुक्यानं मोजलं की मेंढरू चुकतं," असं तिची सासू सांगायची. बोट आणि जीभ तिच्यात जोडीनंच चालायची. त्यामुळं हात झाकलेला आणि तोंड उघडं, असा सगळा कारभार. तो आकडा कोणता ते मी सांगणार नाही. मेलो म्हणून काय झालं, इमान आहे.

त्या दिवशी तिला शेळ्यांसाठी पेंडीचं पोतं घ्यायचं होतं. वैजनाथ कुठल्याशा खांबावर होता, म्हणून ती एकटीच हायवेलगतच्या मशिनवर आली. तिनं तोंड हलवून बघितलं, मला आत घातलं, पदर धरला आणि एकेक आकडा म्हणत दाबला. मागं एक तरुण उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात हेल्मेट, चेहऱ्यावर गोड हसू. मशिननं जरा वेळ घेतला आणि मला परत बाहेर दिलं. कधीकधी ते तसं करतं.

"मावशी, पट्टीला धूळ बसलीय," तो मऊ आवाजात म्हणाला. "आणा, पुसून देतो."

मित्रांनो, मला घाम फुटत असता तर फुटला असता. दे नको, दे नको, असं मी मनातल्या मनात ओरडत होतो. पण आम्हाला तोंड नाही. तिनं मला त्याच्या हातावर ठेवलं. त्यानं शर्टाला पुसलं, मशिनमध्ये सरकवलं. "हं, आता दाबा." तिनं पुन्हा पदर धरला, पुन्हा आकडे म्हटले, आणि पैसे आले. ती नोटा उचलण्यात गुंतली तेवढ्यात त्यानं मला बाहेर ओढलं आणि मुठीत दाबलं. तिच्या हातात ठेवलं ते माझंच एक भावंड होतं. त्याच बँकेचं, त्याच रंगाचं, कुणाचं तरी चोरलेलं आणि केव्हाच बंद पडलेलं.

"तुझं भलं व्हवो लेकरा," बानूबाई म्हणाली. ते ऐकून मला रडू आलं.

तो मोटारसायकलवर बसला आणि कळंबच्या रस्त्याला लागला. मी त्याच्या खिशात. आकडा त्याच्या डोक्यात. आता बानूबाईच्या म्हातारपणात आणि ह्या माणसात काहीही आडवं उरलं नव्हतं.

तिकडं काय झालं ते मला नंतर ठाण्यात कळलं, पण सांगायचं तर इथंच सांगायला हवं. बानूबाई पेंड घ्यायच्या आधी धुरपताबाईच्या टपरीवर टेकली. धुरपताबाई चहा विकते आणि जोडीला नारळ, ओटीचं सामानही. बानूबाईनं चहा सांगितला आणि कार्ड ठेवायला कमरेची चंची सोडली. आत ठेवताना सवयीनं तिचा अंगठा कोपऱ्यावर गेला. कोपरा धड होता.

तिला त्याच क्षणी समजलं. वासरू आपलं की परकं हे कळायला गायीला वेळ लागत नाही. आणि समजल्यावर तिनं काय केलं असेल? ते कार्ड चंचीत ठेवलं, गाठ मारली आणि गप्प बसली.

हो, गप्प बसली. अंधारात लांडग्याची चाहूल घेणारी बाई म्हणून माळावर तिचं नाव होतं. लोक तिचा सल्ला घ्यायला यायचे. ती एका इस्त्रीच्या शर्टाला फसली हे कुणाला कसं सांगायचं? लोक तोंडावर हळहळतील आणि पाठीमागं टाळ्या देतील. वैजनाथ म्हणेल, एवढं शिकवलं ते गेलं कुठं. तिनं त्याला फोन लावून बघितला. तो खांबावर, फोन खाली गाडीच्या डिकीत. घंटी वाजून वाजून थांबली. बँकेचे मेसेजही त्याच फोनवर यायचे, कारण खात्याला नंबर त्याचाच दिलेला.

"काय झालं गं?" धुरपताबाईनं विचारलं.

"काय न्हाय."

ह्या "काय न्हाय"ची किंमत ऐका. तेवढ्या वेळात तो कळंबला पोहोचला. बसस्थानकाजवळच्या एका मशिनमध्ये त्यानं मला घातलं आणि आकडे दाबले. मशिननं मला विचारलं, हा आकडा बरोबर आहे का? मला खोटं बोलता येत नाही हो. ज्याच्या हातात मी, त्याचं मी ऐकायचं, अशीच माझी घडण आहे. नोटा फडफडत बाहेर आल्या. बानूबाईनं थंडीवाऱ्यात राखलेली मेंढरं माझ्याच हातून लांडग्याच्या तोंडी जात होती. माझ्या आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, कान कापला तेव्हाही नाही.

तो आणखी काढणार, एवढ्यात मागं माणसं येऊन उभी राहिली. तो सावध झाला, मला खिशात टाकलं आणि दुसरं मशिन शोधायला निघाला.

इकडं धुरपताबाईची नजर बानूबाईवरून हलली नव्हती. "च्यावर साय धरली, आन् तू म्हणतीस काय न्हाय. बानूबाई, सांग मला."

तेव्हा कुठं बांध फुटला. "फसले गं धुरपता. माझं कार्ड बदललं कुणीतरी. कुणाला सांगू नगंस."

"लाज घरी गेल्यावर कर," धुरपताबाईनं तिला तिथंच गप्प केलं. "आदी त्ये कार्ड हिकडं दे. बँक तीच हाय न्हवं? मंग म्हागं फोन नंबर आसंल."

होता. माझ्या त्या मेलेल्या भावंडाच्या पाठीवर बँकेचा नंबर होता. धुरपताबाईनं आपल्या मोबाइलवरून तो लावला. आधी बाजा वाजला. मग मराठीसाठी हे दाबा, तक्रारीसाठी ते दाबा. मग पुन्हा बाजा. बानूबाई ओट्याची कड धरून उभी होती. तिकडं माझा चोर एका मशिनपुढं थांबला. आत दिवा बंद होता आणि दारावर पैसे नसल्याचा कागद. त्यानं शिवी हासडली आणि गाडी वळवली.

एकदाची पलीकडून एक मुलगी बोलली. खाते क्रमांक? चंचीत पासबुक होतं, धुरपताबाईनं अडखळत वाचला. जन्मतारीख?

बानूबाईचा चेहरा उतरला. "मला कुठली आली जन्मतारीख. आई म्हणायची, शाळूच्या सुगीत झालीस."

"एक जानेवारी आसंल," धुरपताबाई म्हणाली. "आपली समद्यांची एक जानेवारीच लिहिलीया. आधार काढ, साल त्याच्यावर बघू."

आधार चंचीच्या तळाशी, गाठ मारलेल्या पिशवीत. गाठ सुटेना. धुरपताबाईनं दातांनी सोडवली.

त्याच वेळी तो पुढच्या मशिनच्या खोलीत शिरला. खोली मोकळी होती. त्यानं दार लावून घेतलं आणि मला आत सरकवलं. पहिला आकडा दाबला. दुसरा. मी मशिनच्या पोटात डोळे मिटून पडलो होतो. मित्रांनो, कार्डाला आयुष्यभर एकच वाटत असतं, आपण चालावं. त्या घडीला मी देवाला हात जोडून सांगत होतो, मला आत्ताच्या आत्ता मरण दे.

"आजी, कार्ड बंद केलं की ते पुन्हा सुरू होणार नाही," मुलगी फोनवर सांगत होती. "करू का बंद?"

बानूबाईनं फोन धुरपताबाईच्या हातातून घेतला. "मारून टाक त्येला," ती म्हणाली. आता तिचा आवाज खणखणीत होता. टपरीवरची सगळी माणसं वळून बघायला लागली, आणि तिनं बघू दिलं.

त्यानं शेवटचा आकडा दाबला. मशिन घरघरलं. पडदा उजळला आणि त्यावर अक्षरं आली, हे कार्ड बंद करण्यात आले आहे. त्यानं पुन्हा घातलं, पुन्हा तेच. मग मला खाली कचऱ्याच्या डब्यात भिरकावलं आणि तो निघून गेला. चहाचे कागदी कप, फाटलेल्या पावत्या, त्यात मी. मेलेलो होतो आणि इतका सुखी मी जिवंतपणी कधी नव्हतो.

पुढं धुरपताबाईनंच १९३० हा सायबर तक्रारीचा नंबर फिरवला. वैजनाथ खांबावरून उतरला तसा धावत आला, आणि एका शब्दानं रागावला नाही. बानूबाईला घेऊन ठाण्यात गेला. पोलिसांनी मशिनचे कॅमेरे तपासले, डबा उपसला आणि मला ह्या पाकिटात घातलं. ओळख पटवायला आली तेव्हा बानूबाईनं मला बराच वेळ तळहातावर धरलं होतं. "बिचारं," एवढंच म्हणाली. चोर हाती लागेल तेव्हा लागेल. गेले तेवढे पैसे परत मिळतील की नाही, ते अजून कळलेलं नाही. पण बाकीचे शाबूत आहेत आणि तिला कुणापुढं हात पसरावा लागलेला नाही.

आता दर बाजारी ती धुरपताबाईच्या टपरीवर बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना हाक मारून सांगते, "हिकडं या. म्या कशी फसले त्ये ऐका." कोण हसतं, कोण नाही, तिकडं ती बघत नाही.

तेव्हा मित्रांनो, मला अनोळखी माणसाच्या हातात देऊ नका, मग तो कितीही गोड बोलो. मशिनचं तोंड तपासा, हात झाका आणि ओठही मिटा. पैशाचा मेसेज स्वतःच्या फोनवर येऊ द्या. आणि एवढं करूनही फसलात, तर लाजून गप्प बसू नका. चोराला जे मिळालं ते बानूबाईच्या त्या गप्प बसण्यात मिळालं. घरातली आजी असो, आजोबा असोत, त्यांना आजच सांगून ठेवा, तुम्ही फसलात तरी आम्ही रागावणार नाही, फक्त लगेच सांगा. आणि सांगितल्यावर क्षणाचाही विचार न करता मला मारा. माझी दया करू नका. माझ्यासारखं दुसरं कार्ड टपालानं परत येतं. विकलेली मेंढरं परत येत नाहीत.